उभ्या गाडीवरून नामपूर

काकडसर मोटरसायकल चालवत असत असं म्हणणं धाडसाचं आहे. ते मोटरसायकलबरोबर फिरायला निघत. मी स्कूटर काढून, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून, वाटेत एखाद्या रिक्षावाल्याशी भांडून शाळेत पोचायचे, हजेरी घ्यायला लागायचे, आणि मग खिडकीतून फाटकाकडे लक्ष जायचं. सर येत असायचे. सायकलवरची पोरं त्यांना मागे टाकून पुढे जात आणि जाता जाता "नमस्ते सर" म्हणत. सर त्यांना मान लववून उत्तर देत. मागच्या सीटला बहुतेक वेळा गुलाबाची जुडी बांधलेली असायची, मखमलाबादला त्यांच्या भावाचा फुलांचा मळा होता, तिथली.

"सर, घंटा कधीच झाली!" मी वरून ओरडायचे.

"पोचू की, बाई."

हा 'पोचू' त्यांचा आवडता शब्द. चित्रकलेच्या परीक्षा तोंडावर आल्या, पोरांच्या वह्या कोऱ्या, मुख्याध्यापक डोक्याला हात लावून बसलेले, आणि सर म्हणणार, "पोचू की. घाई कोणाला आहे?" घाई सगळ्या जगाला होती. फक्त यांना नव्हती.

मी गणित शिकवते. मला उशिरा येणाऱ्या माणसांचा राग येतो आणि स्वप्नाळू माणसांचा त्याहून जास्त. काकडसर दोन्ही होते. शिवाय ते आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे घरी गेल्यावरही सुटका नाही.

त्यांच्या तासाला वर्गात चिडीचूप असायचं. मला आधी वाटलं, धाक आहे. एकदा डोकावले तर सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला, आणि सरही. फळ्यावर काही नाही. "आंबा दिसेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही," असा त्यांचा नियम होता. निम्म्या पोरांना आंबा दिसायचा, निम्म्यांना झोप लागायची. मी म्हटलं, सर, हे काय चाललंय? तर डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, जे आत पोचलं नाही ते कागदावर कसं येईल?" घ्या!

त्यांच्या बायकोचं नाव सुमन. मी सुमनवहिनी म्हणायचे. माहेर बागलाणातलं नामपूर. इतकी वर्षं नाशकात राहून त्यांची भाषा आपल्यासारखी झाली होती, पण आनंद झाला किंवा घाबरल्या की आतली अहिराणी बाहेर यायची. या बाईला देवाने सगळं दिलं, फक्त पोटात एक खोट ठेवली. गाडी लागायची. तुमच्या-माझ्यासारखी घाटात लागते तशी नव्हे. बसचं दार बंद झालं की चेहरा पांढरा. मोटारीची काच खाली करा, लिंबू हुंगवा, गोळी द्या, काही उपयोग नाही. रेल्वे चालायची, पण नामपूरला रेल्वे जात नाही. चालायची ती फक्त मोटरसायकल. नवऱ्याच्या मागे बसून तोंडावर वारा घेत ही बाई पार काश्मीरलाही गेली असती.

तिकडे आखाजीचा सण मोठा. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस खातात. लेकीला सासरहून न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. सुमनवहिनींना भाऊ नाही. लग्नात त्यांचे वडील म्हणाले होते, "माझ्या पोरीला मुऱ्हाळी नाही हो, एवढंच वाटतं." तर नवरदेवाने मांडवातच सांगून टाकलं, "मुऱ्हाळी मीच." लोक हसले. जावई मुऱ्हाळी कधी कोणी ऐकलाय का? पण त्यानंतर एकही आखाजी चुकली नाही. वडील गेले, आई म्हातारी झाली, सरांच्या मुलीचं लग्न होऊन ती जळगावला गेली, तरी दर आखाजीला भल्या पहाटे सर गाडी काढत आणि वहिनी मांडीवर पिशवी घेऊन मागे बसत.

त्यातही एक रीत होती. गावाची वेस आली की वहिनी म्हणायच्या, "आठे उतरस मी." इथे उतरते. नवऱ्याच्या मागे बसून आईबापाच्या दारात जायचं त्यांना जिवावर यायचं. उतरायच्या, डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि चालायला लागायच्या. सर तिथेच गाडीवर बसून राहायचे. वहिनी कडुनिंबाच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत ते गाडी सुरू करत नसत. "तिची तिला आईला भेटू द्यावी," असं म्हणायचे. मग फाट्यावर चहा पिऊन, अर्ध्या तासाने जावई म्हणून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी एकटे नाशकाला परत. आठवड्याने पुन्हा आणायला.

आणि असा हा माणूस शाळेच्या स्नेहसंमेलनात पडला. किल्ल्याचा पडदा रंगवला होता, तो बांधायला बाकावर चढले, बाक सरकलं, आणि सर बसल्यासारखे खाली आले. हाडं मोडली नाहीत. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली. कित्येक दिवस पाठीवर. मी भेटायला गेले तर छताकडे बघत पडलेले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, मोटरसायकल विसरा." मग मान माझ्याकडे वळवली. "बाई, हिला आखाजीला कोण नेणार?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाच्या आवाजात घाई ऐकली.

त्या वर्षी त्यांनी मोटार ठरवली. मी म्हटलं होतं, कशाला त्या बाईचे हाल करता. पण आई वाट बघते म्हटल्यावर वहिनी निघाल्याच. आडगावला त्रास सुरू झाला, ओझरला मोटार थांबवून रस्त्याच्या कडेला बसल्या त्या उठेनात. शेजारी सर, त्यांनाही मोटारीच्या खोलगट सीटवर कमरेतून कळ येऊन वाकता येईना. ड्रायव्हर बिचारा दोघांना पाणी देत उभा. अर्ध्या दिवसात परत आले. संध्याकाळी आईचा फोन आला, वहिनींनी तो मोठ्या आवाजावर लावला होता, वर माझ्या घरात ऐकू आला. म्हातारी एवढंच म्हणत होती, "झोका बांधेल शे वं माय. मी वाट दखस." झोका बांधलाय गं, मी वाट बघतेय. मी भात ढवळायचा सोडून तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर सर व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे जायला लागले. ती मुलगी हुशार. तिने सरळ सांगितलं की गाडी वाईट नाही, वाईट आहे ते बसणं. पुढे वाकायचं नाही, मागे रेलायचं नाही, जेवणाच्या खुर्चीत बसतो तसं ताठ. पाय पोटाखाली हवेत, हँडल आपल्याकडे आलेलं हवं, आपण हँडलकडे जायचं नाही. खड्डा गाडीने खायचा, पाठीने नाही. आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने उतरून चालायचं, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. "हे शेवटचं मला जमेल," सर म्हणाले.

झालं. जुनी गाडी या अटींत बसेना, म्हणून शोरूम हिंडायला सुरुवात झाली आणि सारथ्य माझ्याकडे आलं. माझ्या स्कूटरवर मागे उशी ठेवून सर बसत. प्रत्येक गतिरोधकाला "अरे देवा" म्हणत. "बाई, तुमच्या गाडीची चाकं लहान आणि नाशिकचे खड्डे मोठे, ही स्थळं जुळायची नाहीत." मी म्हणायचे, चालत या मग.

पहिल्याच दुकानात सर एका गाडीच्या प्रेमात पडले. लांबलचक, बुटकी, सीट खोलगट, पाय पार पुढे टाकायचे, हँडल छातीशी. विक्रेता म्हणाला, "सर, सोफा आहे सोफा!" मलाही पटलं. कंबर दुखणाऱ्याला आरामखुर्चीच बरी, असं कोणीही म्हणेल. मी तर पेढे कुठून घ्यायचे ते ठरवून टाकलं होतं. सर हळूच बसले, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला लावली, दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि डोळे मिटले.

"टेस्ट राइड बाहेर देतो ना, सर," विक्रेता म्हणाला.

"बाहेर कुठवर देणार? मुंबई नाक्यापर्यंत. मला नामपूरला जायचंय."

आणि गेले. मिटल्या डोळ्यांनी क्लच दाबला, पायाने गिअर टाकला, आणि पुटपुटायला लागले. आडगाव. ओझर, विमानाचा कारखाना डावीकडे... इथे रस्ता खराब. शोरूममधली माणसं आधी हसली, मग आपापल्या कामाला लागली, मग एकेक करून पुन्हा जवळ आली. काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरोखर वारा लागत होता. द्राक्षबागा आल्या की मान वळायची. बैलगाडी आडवी आली की बोटं ब्रेकवर. मी घड्याळ बघत होते, आणि मग बघायची विसरले.

पिंपळगावला सरांनी डोळे उघडले. चेहरा घामाने डबडबलेला. "बाई, मला उतरवा."

पाय पुढे टाकल्यामुळे सगळं वजन माकडहाडावर येत होतं. दहा मिनिटं सोफा, त्यानंतर सूळ. विक्रेत्याचा चेहरा पडला, सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची गाडी छान आहे. पिंपळगावपर्यंतच जाणाऱ्याला द्या."

मग हे आमचं वेडच झालं. एक गाडी शर्यतीची, तिच्यावर ओणवं व्हावं लागायचं. सर आडगावच्या आतच परत आले. एक डोंगरात जाणारी, उंच. बसल्यावर स्वर्ग, सोग्रस फाट्यापर्यंत आरामात गेले, पण उतरताना पाय पलीकडून आणता येईना. "वर चढवून ठेवणारी नको, बाई. उतरायचं तर दर अर्ध्या तासाने आहे." एक भारी वजनाची, तिला स्टँडवर ओढतानाच कंबर गेली असती. प्रत्येक गाडीचं सर तिच्या माहितीपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर चित्र काढत. चाकं नाहीत, इंजिन नाही, फक्त बसलेल्या माणसाची एक रेघ. कान, खांदा, कंबर, टाच. "रेघ मोडली की माणूस मोडला," म्हणायचे. दुकानदारांत बोलबाला झाला होता. आम्ही आत शिरलो की कोणीतरी विचारायचं, "सर, आज कुठवर?"

शेवटी एक मिळाली. दिसायला साधी, काळी, कोणी वळून बघणार नाही अशी. सीट रुंद आणि सपाट, हँडल उंच, पाय बरोबर खाली, मागचे शॉक मऊ आणि लांब. त्या दिवशी सर देवळ्याच्या पुढे गेले, सटाणा आलं, मोसम नदी ओलांडली. डोळे उघडले तेव्हा हसत होते.

"पोचलो, बाई."

मी टाळ्या वाजवल्या. विक्रेता चाव्या आणायला निघाला. आणि सर अचानक मागे वळून रिकाम्या सीटकडे बघायला लागले.

"बाई," म्हणाले, "मी एकटाच आलो की हो!"

कपाळ माझं! इतके दिवस, इतक्या गाड्या, आणि आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षात आलं नाही की मागे माणूस बसलं की शॉक दबतात, सीट मागे कलते, पुढच्याची बैठक बदलते. ज्या बाईसाठी हा खटाटोप तीच एकाही गाडीवर बसली नव्हती. गणिताची बाई मी, आणि वजन धरायलाच विसरले.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. शोरूममध्ये आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. चपला दाराबाहेर काढून आत आल्या, विक्रेता "राहू द्या, मावशी" म्हणतोय तरी. लाजत लाजत मागे बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, सवयच तशी. शॉक दबले. सर थोडे मागे कलले. विक्रेत्याने मागचे शॉक जरा कडक केले, पुन्हा बसवलं. आता रेघ सरळ.

"डोळे मिट," सर म्हणाले.

"इश्श! इतक्या लोकांत?"

पण मिटले. मग वहिनींनी हळूच विचारलं, "अहो, आते कठे उनूत?" आता कुठे आलो?

"भावडबारी. घाट उतरतोय. घट्ट धर."

वहिनींनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या काचेच्या दुकानात, पंख्याखाली, चार विक्रेते आणि एक गणिताची बाई हाताची घडी घालून उभे होतो. किती वेळ गेला मला माहीत नाही. एकदम वहिनी म्हणाल्या, "थांबा. आठे उतरस मी." उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि चार पावलं चालल्यावर समोर हेल्मेटचं कपाट बघून दचकल्या. मग अशा हसल्या की विचारू नका. सर मात्र तिथेच बसून होते, त्या वळेपर्यंत. ती गाडी घेतली.

पुढच्या आखाजीला ते खरोखर गेले. पहाटे निघाले आणि दिवस कलला तेव्हा पोचले, कारण सर दर अर्ध्या तासाला उतरून चालले. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाखाली थांबले असणार. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "सासूबाई झोक्यावर बसून होत्या. म्हणाल्या, उशीर झाला. मी म्हटलं, एक वर्षाचा झाला." एवढंच. पण सुट्टी संपून शाळा उघडल्यावर महिनाभर त्यांच्या वर्गातली पोरं झोक्यांची चित्रं काढत होती.

हिवाळ्यात फोन आला. सासूबाई गेल्या. सकाळची वेळ, मी शाळेला निघालेच होते. जिन्यात सर भेटले, पायांत चपला वेगवेगळ्या. मी म्हटलं, सर, उतरत उतरत जा हं. मॅडम काय म्हणाल्यात ते आठवा. ते माझ्याकडे बघतही नव्हते. वहिनी मागे बसल्या आणि ती काळी गाडी फाटकातून अशी बाहेर पडली की मी सरांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी ते कुठेही उतरले नाहीत. ना पिंपळगावला, ना सोग्रसला, ना घाटाच्या पायथ्याशी. म्हातारीला उचलायच्या आधी लेक पोचली. वेशीवर उतरायचीही त्या दिवशी शुद्ध नव्हती, थेट दारात गेल्या. आयुष्यभर ज्याला घाई नव्हती त्याने एकदाच केली, आणि ती कमरेने वसूल करून घेतली. सर परत आले ते दुसऱ्याच्या मोटारीत, मागच्या सीटवर आडवे. वहिनी काळ्या गाडीवरूनच आल्या, गावातल्या कोणाच्या तरी मागे बसून.

यावेळी डॉक्टरांनी काही विसरा म्हणून सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. हातात काठी आली. मी एकदा चिडून म्हटलं, इतकं कळत होतं तर एकदा तरी उतरायचं ना! सर म्हणाले, "बाई, मुऱ्हाळी उशिरा पोचला तर त्याला काय अर्थ?" काळी गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते, आणि मग दोघं मुलीकडे जळगावला जाणार होते. रेल्वेने.

जाण्याआधीची आखाजी मला आठवते. उजाडत होतं, मी दूध आणायला खाली उतरले. पार्किंगमध्ये गाडीवरचं कापड काढलेलं. वॉचमनने गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दिली असणार. काठी खांबाला टेकवलेली. सर ताठ बसलेले, डोळे मिटलेले. मागे वहिनी, ठेवणीतलं जांभळं लुगडं, मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले.

"आते कठे उनूत?"

"मोसम ओलांडली."

मी जिथे होते तिथेच उभी राहिले. नामपूरच्या घरात आई नव्हती, झोका नव्हता, दाराला कुलूप होतं. हे त्या दोघांनाही माहीत होतं. पण आखाजी होती, आणि मांडवात कोणी एके काळी शब्द दिला होता.

"थांबा. आठे उतरस मी."

वहिनी उतरल्या. डोक्यावरून पदर घेतला, नीट कपाळापर्यंत ओढला, आणि चालायला लागल्या. माझ्या समोरून गेल्या, मला पाहिलं नाही. जिन्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, आता सर डोळे उघडतील, आपण हात देऊन त्यांना उतरवावं. मी दोन पावलं पुढेही झाले.

सरांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी हलकेच हँडल वळवल्यासारखं केलं, आणि पायाने गिअर टाकला. त्यांना परत यायचं होतं ना, एकट्याला, नाशिकपर्यंत. सटाणा, ते पुटपुटले. मग देवळा. मी दुधाची रिकामी पिशवी धरून तिथेच थांबले, ओझर येईपर्यंत.